कोशिंबीर डावीकडेच वाढा

नव्या घरी पाऊल टाकलं की लोक आधी माझ्या पिशवीकडे बघतात. पिशवी लहान दिसली की चेहरे पडतात. "मॅडम, मशीन नाही आणलं?" गिरगावातल्या चाळीत हाच प्रश्न, मुलुंडच्या सोसायटीत हाच, बोरिवलीच्या टॉवरमध्येही हाच. मशीन म्हणजे करंटचं मशीन. ते लावलं की मुंग्या येतात, स्नायू आपसूक उडतो आणि घरातल्या सगळ्यांना उपचार चालू झाल्याचं समाधान मिळतं. उलट "काका, पेला उचला, ठेवा, परत उचला" असं पाऊण तास करून घेऊन फी मागणारी बाई म्हणजे निव्वळ लूट. एका सुनेने मला तोंडावर विचारलं होतं, "हे तर आम्हीपण करू शकतो. तुम्ही वेगळं काय करता?"

मी पक्षाघाताच्या पेशंटकडे घरी जाऊन व्यायाम करून घेते. कागदोपत्री न्यूरो फिजिओथेरपिस्ट, मजल्यावरच्या लोकांसाठी 'व्यायामवाली ताई'. त्या सुनेला तेव्हा मी काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं असेल. आता कुणी विचारलं तर सांगेन, की मी तुमच्या सासऱ्यांची कुणी लागत नाही, हेच वेगळं.

करंटच्या मशीनला मी नावं ठेवत नाही. चालताना पंजा लोंबतो, चप्पल फरशीला घासत जाते, अशा पेशंटच्या गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला, जिथे नस कातडीच्या अगदी जवळून जाते, तिथे बारीक करंट दिला की पंजा वर येतो. १९६१ साली लिबरसन नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा करंट टाचेखालच्या बटणाला जोडला. टाच सुटली की चालू, टेकली की बंद. मोठी हुशार युक्ती होती. आजही तीच चालते, फक्त यंत्र लहान झालंय. पण पेशंट पलंगावर आडवा, नजर टीव्हीवरच्या मालिकेत आणि इकडे पंजा आपला उडतोय, याला मी व्यायाम म्हणत नाही. मेंदूला त्यात काही कामच नाही.

आणि तो पिवळा हसरा चेंडू! हॉस्पिटलबाहेरच्या प्रत्येक मेडिकलवाल्याकडे टांगलेला असतो. भेटायला येणारा निदान एक तरी पाहुणा तो घेऊन येतोच. पक्षाघातानंतर बऱ्याच जणांची मूठ आधीच आवळलेली असते. बोटं मिटतात, उघडत नाहीत. अशा माणसाला दिवसभर चेंडू दाबायला लावायचा म्हणजे जे नको तेच घोटून घ्यायचं. मी चेंडू नातवाला देऊन टाकते.

मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली की मिनिटाला साधारण १९ लाख पेशी मरतात, असा एक प्रसिद्ध हिशेब आहे. म्हणून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत मिळावं लागतं, आणि त्या साडेचार तासांत मुंबईचा ट्रॅफिकही धरायचा असतो. पण माझं काम ती लढाई संपल्यावरचं. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. शेजारचा, कधी पार पलीकडचा भाग ते काम हळूहळू शिकतो, तेही त्याच्याकडून ते काम पुन्हा पुन्हा मागितलं तरच. पहिले तीन महिने तो झपाट्याने शिकतो, मग वेग मंदावतो, पण शिकणं थांबत नाही. मागितलंच नाही तर मात्र तो ढिम्म बसून राहतो.

आणि आपल्या घरांत मागतच नाहीत. "राहू दे हो, मी भरवते." "तुम्ही कशाला उठताय, मी देतो ना." हे वाक्य मी ऐकलं नाही असं एकही घर नाही. सेवेत कसूर नको म्हणून दोन सुना आणि ब्युरोची मावशी मिळून माणसाचं सगळं करतात. तोंड धुवायचं, केस विंचरायचे, शर्टाची बटणं लावायची. महिनाभरात त्या हाताला समजतं, की आपल्याला कुणी विचारत नाही.

या प्रकाराला एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने शिकलेला बिनवापर म्हटलं. त्याने माकडांच्या एका हाताच्या संवेदनेच्या नसा कापल्या. माकडांनी तो हात टाकून दिला. हात हलवता येत होता, तरी वापरेनात, कारण सुरुवातीला वापरून बघितलं तेव्हा फजिती झाली होती आणि दुसऱ्या हाताने भागत होतं. मग चांगला हात बांधून ठेवल्यावर टाकलेला हात कामाला लागला. १९८१ मध्ये त्या प्रयोगशाळेवर पोलिसांची धाड पडली, माकडांच्या हालांवरून खटला चालला आणि शेवटी टॉब अपिलात सुटला. माकडांचं जे झालं ते वाचवत नाही. पण त्यातून जो उपचार निघाला त्यात पेशंटच्या चांगल्या हातात जागेपणीचा बहुतेक वेळ मिटन (बोटांना वेगळे कप्पे नसलेला जाड हातमोजा) घालतात आणि दोन आठवडे रोज काही तास दुबळ्या हाताकडून कामं करून घेतात. २००६ साली २२२ पेशंटांवर त्याची मोठी चाचणी झाली आणि तो उपचार टिकला. अट एवढीच, की मनगट आणि बोटं थोडी तरी वर उचलता यायला हवीत. पार लुळ्या हाताला त्याचा उपयोग नाही.

हे मिटन मराठी घरात घालून दाखवा! मी एकदा सुचवलं तर त्या मुलाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या आईला कोठडीत टाकायला निघाले होते.

गिरगावातल्या माईंच्या बाबतीत मात्र हे काम परंपरेनेच केलं. माई निवृत्त शिक्षिका, उजवी बाजू गेलेली. बोलणं अडखळत, पण समज शाबूत. हात थोडा परतला होता, बोटं सुटत होती, वापर मात्र शून्य. डाव्या हाताने पाणी, डाव्या हाताने औषध, जेवण सून भरवायची. माईंचा रोजचा जप बंद पडला होता आणि त्याची त्यांना भारी खंत. सून म्हणाली, "आई, डाव्या हाताने करा. देवाला काय कळत नाही का?" माईंनी मान हलवली. डाव्या हाताने जप करायचा नाही म्हणजे नाही. तिथे त्यांनी कुणाचं काही चालू दिलं नसतं.

मी माळ त्यांच्या उजव्या हातात दिली. मधल्या बोटावर माळ, अंगठ्याने मणी ओढायचा, तर्जनी लागू द्यायची नाही. अंगठा आणि बोटाची ही चिमूट म्हणजे आमच्या व्यायामातली सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेची हालचाल. बटण लावायला तीच, भात कालवायला तीच. पहिल्या दिवशी माळ घसरून मांडीवर पडत राहिली. सून दोनदा पुढे झाली, मी डोळ्यांनी मागे केलं. अमेरिकेत आणि कॅनडात थेरपीच्या सेशनमध्ये बसून एका अभ्यासाने मोजणी केली होती, तेव्हा हाताच्या उपयोगी हालचाली सेशनमागे सरासरी बत्तीसच्या आसपास भरल्या. प्रयोगातल्या प्राण्यांच्या मेंदूत बदल दिसला तो एका बैठकीत शेकड्यांनी हालचाली झाल्यावर. माझ्या पाऊण तासात मी कितीही घसा फोडला तरी शेकड्यांनी होत नाहीत. माळेचे मणी मात्र १०८. तीन माळा झाल्या की तीनशेच्या वर. वर मोजायला कुणी लागत नाही, कंटाळा आला तरी मध्ये सोडता येत नाही, आणि मेरुमणी आला की माळ उलटी फिरवायची, म्हणजे मनगटही वळतं. मी देवधर्मातली नाही, पण एवढा सोयीस्कर व्यायाम मला कुठल्या कॉलेजात शिकवला नव्हता.

मुलुंडच्या आजोबांची गोष्ट वेगळी. त्यांचा मेंदू उजव्या बाजूला बाधित झालेला. अशा माणसाला कधी कधी डावी बाजू आहे याचंच भान राहत नाही. डोळे शाबूत, दिसतं सगळं, पण लक्ष तिकडे जात नाही. दाढी अर्धीच करतात. दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटतो. मी गेले तेव्हा घरात निराळंच भांडण चालू होतं. आजोबांची तक्रार होती, की हल्ली या घरात चटणी-कोशिंबीर करणं बंद झालंय. आजी रडकुंडीला आलेल्या, कारण रोज काकडीची कोशिंबीर होत होती आणि रोज ताटात तशीच राहत होती. आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे वाढतात. आजोबांच्या जगात ताटाचा तो भागच नव्हता.

आजींनी स्वतःपुरता तोडगा काढला होता. कोशिंबीर उजवीकडे, भाजीशेजारी. आजोबा खूश. पलंगही फिरवला होता, म्हणजे येणारा-जाणारा उजवीकडूनच दिसेल. टीव्ही उजवीकडे, फोन उजवीकडे. सगळं घर त्यांच्या उरलेल्या अर्ध्या जगात आणून बसवलं होतं, तेही किती प्रेमाने! मी म्हटलं, कोशिंबीर परत डावीकडेच वाढा. आणि आजोबांना डावीकडून हाक मारा. ताटाच्या डाव्या कडेला लाल रिबन लावली, ती सापडेपर्यंत मान वळवायची आणि मग जेवायला सुरुवात. आजींना हे क्रूर वाटलं. पहिले काही दिवस आजोबा चिडून ताट लोटायचे.

या दोषासाठी एक साधा चष्माही आहे. त्याच्या काचा प्रिझमच्या असतात, त्या सगळं दृश्य उजवीकडे सरकवतात. तो घालून समोरच्या ठिपक्याला बोट लावायचा सराव केला, की चष्मा काढल्यावर हात आपोआप डावीकडे जास्त जातो आणि पाठोपाठ लक्षही. १९९८ साली फ्रान्समधल्या रोसेती या संशोधकाच्या गटाने हे दाखवलं. आता तोच खेळ व्हीआर चष्म्यातही करतात. चष्म्याचा परिणाम किती टिकतो यावर वाद आहेत. कोशिंबिरीचा परिणाम माझ्यापुरता मी पाहिला आहे.

ही सगळी माहिती वाचताना मला राहून राहून बाख-इ-रिता बापलेकांची आठवण येते. पेद्रो बाख-इ-रिता न्यू यॉर्कमध्ये प्राध्यापक होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना मोठा झटका आला, बोलणं गेलं, अर्धं अंग गेलं. धाकटा मुलगा जॉर्ज मेक्सिकोत वैद्यकीचं शिक्षण घेत होता, तो त्यांना आपल्याकडे घेऊन गेला. त्याला पुनर्वसनातलं ओ की ठो माहीत नव्हतं. मूल आधी रांगतं मग चालतं, एवढ्या अकलेवर त्याने वडिलांना रांगायला लावलं. अंगणातसुद्धा. शेजाऱ्यांनी नावं ठेवली, म्हाताऱ्या प्रोफेसराला जनावरासारखं रांगवतोस म्हणून. आपल्या चाळीत काय झालं असतं ते सांगायलाच नको. पेद्रो पुन्हा शिकवायला लागले, डोंगर चढायला लागले, आणि १९६५ मध्ये अशाच एका चढाईत हृदयविकाराने गेले. शवविच्छेदनात दिसलं, की मेंदूतली इजा जशीच्या तशी होती, मोठी आणि न भरलेली. दुसरा मुलगा पॉल पुढे मेंदूच्या लवचिकतेवरचा मोठा संशोधक झाला. जॉर्जला त्या अंगणात उभं राहून बघताना काय वाटत असेल, याचं मला जास्त कुतूहल आहे.

मुंबईला हा विषय नवा नाही. परळच्या केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीची (पेशंटला रोजची कामं पुन्हा करायला शिकवण्याच्या उपचाराची) देशातली पहिली शाळा १९५० साली निघाली. ती काढणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन, क्वेकर घरातल्या, मराठी घरात सून म्हणून आलेल्या. हाजी अलीची पुनर्वसन संस्था १९५५ पासूनची. तिथून जाणाऱ्या गाड्यांतल्या किती जणांना ती इमारत कशाची आहे ते माहीत असेल, शंकाच आहे. एवढा वारसा असूनही अजून एखादी आत्या दबक्या आवाजात सुचवतेच, की कबुतराचं रक्त चोळून बघा. मुंबईत कबुतरांना तोटा नाही, पण मी हात जोडते.

आता रोबोंबद्दल, कारण हल्ली तोच प्रश्न जास्त येतो. मोठ्या हॉस्पिटलांत चालायला शिकवणारे रोबो आलेत. वरून पट्ट्यांनी माणसाला तोलून धरतात, पाय यंत्राच्या पायांत बांधतात, खाली पट्टा फिरतो. हातासाठी बोटं उघडमिट करणारे हातमोजे आहेत, समोर पडद्यावर खेळ. मुलगा परदेशातून व्हिडिओ पाठवतो, "ताई, हे बाबांना चालेल का? पैशाचं बघू नका."

ब्रिटनमध्ये ७७० पेशंटांवर हाताच्या रोबोची चाचणी झाली, २०१९ मध्ये निकाल आला. नेहमीच्या उपचारापेक्षा हाताच्या कामात रोबोने फरक पाडला नाही. अमेरिकेत ४०८ जणांना तीन गटांत घेतलं. दोन गटांना तोलून धरणाऱ्या ट्रेडमिलवर चालवलं, एकाला लवकर, एकाला उशिरा, तर तिसऱ्याकडून घरी फिजिओने साधे ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम करून घेतले. वर्षाअखेरी तिन्ही गट सारखेच. हे वाचून माझ्यासारखीला आसुरी आनंद व्हायला हवा. होतही होता. पण जे मुळीच उभे राहू शकत नाहीत, अशांना पहिल्या तीन महिन्यांत यंत्राची जोड दिली तर स्वतःच्या पायाने चालणाऱ्यांची संख्या वाढते, हेही तितकंच खरं. अशा पेशंटला चालवायला एरवी तीन माणसं लागतात, आणि तिघांच्या कमरा जातात.

त्याहून मला चटका लावणारी चाचणी आपल्याकडची आहे. भारतातल्या १४ केंद्रांत १२५० पेशंट घेतले आणि घरच्यांनाच शिकवून व्यायामाची जबाबदारी दिली. आपल्याकडे फिजिओ कमी आणि कुटुंबं मोठी, तेव्हा उपाय फक्कड वाटला होता. २०१७ साली निकाल छापून आला. सहा महिन्यांनी मृत्यू पावलेले किंवा परावलंबी राहिलेले दोन्ही गटांत ४७ टक्के. काहीच फरक नाही. याची कारणं पुष्कळ असतील, संशोधकांनी त्यावर बरंच लिहिलंय. मी घराघरांत फिरणारी बाई, मला मात्र ते चित्र लगेच दिसलं. मुलगी वही घेऊन बसली आहे, वडिलांचा हात दहाव्यांदा थरथरतोय, कपाळावर घाम आहे, आणि ती म्हणते आहे, "दमलात ना बाबा? राहू दे आता, उद्या करू."

यंत्र असं म्हणत नाही. रोबोतला मला आवडणारा गुण हा एवढाच. त्याला दया येत नाही, त्याचं पोळ्यांकडे लक्ष नसतं, आणि हात अर्ध्यावर अडखळला तर मनगटातलं यंत्र थांबून वाट बघतं, स्वतः लगेच पुरं करून टाकत नाही. चांगल्या यंत्रांना तर तसंच शिकवलेलं असतं. पेशंटने जेवढं केलं त्याच्या पुढचंच बळ द्यायचं, त्याच्या आधी नाही. माणसांना हे शिकवणं जड जातं.

लालबागच्या काकांना अशाच एका हातमोज्यावर पाठवलं होतं. काका बेस्टमध्ये कंडक्टर होते. चाळीत तिसऱ्या मजल्यावर खोली, संडास गॅलरीच्या टोकाला. मुलाने खोलीत कमोडची खुर्ची आणून ठेवली होती. मी ती महिनाभराने परत करायला लावली, त्यावरून आमचं वाजलं. पण गॅलरीच्या टोकापर्यंत आपल्या पायाने जाणं हेच काकांचं एकमेव खरं ध्येय होतं, नि ते पुरं झाल्यावर चालण्याची काळजी मिटली. रस्त्याचं अजून बाकी आहे. सिग्नल ओलांडायला माणूस सेकंदाला १.२ मीटर चालेल असं साधारण धरतात, काका त्याच्या निम्म्यावर आहेत, आणि लालबागचा रस्ता काही कुणासाठी थांबत नाही.

हाताचं मात्र अडलं होतं. हातमोज्याच्या पडद्यावर सफरचंदं पडायची, ती टोपलीत झेलायची. काकांनी आठवडाभर झेलली. मग एक दिवस विचारलं, "ही खायला कधी देणार?" आणि जाणं बंद. कॅनडातल्या संशोधकांनी १४१ पेशंटांवर व्हिडिओ गेमची चाचणी केली होती. दुसऱ्या गटाला पत्ते, जेंगा, चेंडूफेक असले साधे खेळ दिले होते. दोन्ही गटांचे हात सारखेच सुधारले. ते काकांना सांगितल्यावर त्यांनी शेजारच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथे दर संध्याकाळी रमी बसते, पैशांची, पाच-दहा रुपयांची.

मी त्या मंडळींना एकच अट घातली, की काकांना सूट नाही. पत्ते धरायला लाकडाची खाच असलेली पट्टी दिली, उचलायचं आणि टाकायचं उजव्या हाताने. गल्ल्याचा हिशेबही त्यांच्याकडे, नाणी उजव्या हातानेच मोजायची. घरच्यांपेक्षा ही माणसं फार बरी निघाली. पान खाली पडलं तर कुणी वाकत नाही, उलट ओरडतात. वेळ लावला तर डाव रद्द. काकू दारातून चुळबुळत बघतात, त्यांना मी आत येऊ देत नाही.

परवा गेले तेव्हा कुणीतरी पन्नासची नोट पुढे केली आणि उरलेले स्वतःच उचलायला गेला. काकांनी डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं, उजव्या हाताने एकेक नाणं सरकवत बसले, आणि अडखळत्या जिभेने त्याला सुनावलं, "घाई असेल तर सुट्टे घेऊन चढायचं."